टाकीतला थिनर

मेघनाला रंगाच्या धंद्यातला पहिला शब्द तिच्या नवऱ्याने, वैभवनेच शिकवला होता. तेव्हा तो कोटिंग इन्स्पेक्टरच्या परीक्षेची तयारी करत होता. तेलाच्या टाक्या, पाइपलाइनी, जेट्टीचे खांब गंजू नयेत म्हणून त्यांना जाड रंग देतात. तो नीट दिलाय की नाही हे तपासायची ही नोकरी. पुस्तक इंग्रजीत, शब्द अडनिडे. लालबागच्या घरात संध्याकाळचा चहा झाला की मेघना पुस्तक हातात धरून विचारायची आणि तो उत्तरं द्यायचा.

"हॉलिडे म्हणजे?"

"रंग मारताना चुकून राहिलेली उघडी जागा. सुट्टी नव्हे, हसू नकोस."

"पॉट लाइफ?"

"इपॉक्सी रंग दोन डब्यांत येतो. दोन्ही एकत्र कालवले की ठरावीक वेळात मारून संपवायचा."

"आणि नाही संपवला तर?"

मग त्याने तिला लहानपणची गोष्ट सांगितली. शाळा सुटली की तो गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसायचा. घमेल्यातलं प्लास्टर आवळायला लागलं की तिथले तात्या ते सरळ फेकून द्यायचे. "वरून पाणी घालून ढवळलं तर मऊ होतं गं, पण धरत नाही. रंगाचंही तसंच. वेळ गेल्यावर थिनर ओतला की पातळ होतो, दिसायला झकास, पण पत्र्याला धरत नाही."

मेघना फणसवाडीत वाढलेली, तिने असला कारखाना आतून कधी पाहिला नव्हता. तिला ही गोष्ट फार आवडली.

वैभव दुसऱ्या खेपेला पास झाला. तोवर मेघनाने कुरिअर कंपनीतली नोकरी सोडून स्वतःच परीक्षा दिली आणि पहिल्याच झटक्यात पास झाली. वैभवच्या आईने, जाईबाईंनी, सुनेचे पेढे अख्ख्या मजल्यावर वाटले. वैभवच्या वेळीही पेढे आणले होते, पण ते घरातल्या घरातच संपले होते. हे त्याच्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. आता आलं आणि जाता जाईना.

परळच्या ज्या कंपनीत तो होता, तिथेच तिला घेतलं. तिथले मुख्य रमाकांत सर. रंगाऱ्यांना इंग्रजी शब्द कळत नाहीत, म्हणून त्यांनी मराठीतून वर्ग सुरू करायचं ठरवलं आणि शिकवायला उभं केलं मेघनाला. वैभव मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होता.

"आमच्या लालबागला गणपतीच्या कारखान्यात," मेघनाने सुरुवात केली, आणि घमेल्यातल्या प्लास्टरची ती गोष्ट तात्यांसकट सांगून टाकली. रंगाऱ्यांनी माना डोलावल्या. पॉट लाइफ त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

"वा!" रमाकांत सर म्हणाले. "हे कुठून सुचलं तुम्हाला?"

"लालबागची सून आहे ना सर," मेघना हसून म्हणाली.

वैभवही हसला. पण आतून त्याचा जीव जळत होता. आमच्या लालबागला! त्या कारखान्यात प्लास्टरने पांढरे झालेले पाय त्याचे होते, आईचा मार त्याने खाल्ला होता. घरी आल्यावर मेघनाने विचारलं, "बरं झालं ना रे?" तो नुसतं "हं" म्हणाला आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

त्यानंतर त्याला चैन पडेना. तिच्या फोनवर सरांचं नाव दिसलं की कान टवकारायचे. तिचे रिपोर्ट तो गुपचूप उघडून चुका शोधायचा. एखादी सापडली की त्या दिवशी चार घास जास्त जायचे. एकदा जेवताना गुणाजी, त्याचे वडील, कौतुकाने म्हणाले, "आमची सून आता मोठी सायबीण झाली हां!" वैभव अर्ध्या जेवणावरून उठला. ॲसिडिटी आहे म्हणाला.

अशात वडाळ्याच्या टाकीचं काम आलं. मुख्य इन्स्पेक्टर मेघना, मदतीला वैभव. टाकीत आतून रंग चालू होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं. मेघना पलीकडच्या बाजूला परांचीवर चढून आधीच्या थराची जाडी मोजत होती. खाली वैभवच्या समोर अजित नावाच्या रंगाऱ्याने रंगाच्या बादलीत काठी घातली. उकाड्याने रंग लवकर घट्ट झाला होता. अजितने एकदा वैभवकडे पाहिलं, मग थिनर ओतला आणि ढवळायला लागला.

एक शब्द पुरे होता. "फेकून दे." वैभवच्या तोंडापर्यंत आलाही. मग त्याला वाटलं, काम तिचं आहे. वर्ग घेते ना? बघू दे तिचं तिलाच. तो वळला आणि टाकीबाहेर चहा प्यायला गेला.

रंग वाळल्यावर पकड तपासायची वेळ आली. मेघनाने ब्लेडने फुली मारली, चिकटपट्टी दाबून बसवली आणि ओढली. पट्टीबरोबर रंगाचा सबंध पापुद्रा निघून आला. शेजारी, खाली, जिथे पट्टी लावावी तिथे तेच. तो सगळा पट्टा खरवडून पुन्हा करायचा होता. रमाकांत सर आले, नखाने रंग खरवडून पाहिला. "लक्ष माझं हवं होतं सर," मेघना म्हणाली.

याच क्षणाची वैभव महिनोन्महिने वाट पाहत होता. गोड वाटलं त्याला, खोटं कशाला बोला. पण तिने पापुद्रा हातात घेतला आणि पुन्हा पुन्हा उलटून पाहिला, तेव्हा त्याने मान फिरवली.

सर गेल्यावर तिने अजितला बोलावलं. तो बिचारा गोंधळला. "मॅडम, वर्गात तुम्ही सांगितलेलं आठवत होतं. पण वैभवसाहेब समोर उभे होते, काही बोलले नाहीत. म्हटलं, एवढं चालत असेल."

मेघनाने वैभवकडे पाहिलं.

घरी जाईबाई देवळात गेल्या होत्या, गुणाजी खाली कट्ट्यावर. मेघनाने दार लावून घेतलं.

"तू पाहिलं होतंस?"

"हो."

"का बोलला नाहीस?"

"ती प्लास्टरची गोष्ट माझी होती," तो म्हणाला. स्वतःच्याच कानाला ते पोरकट वाटलं.

मेघना थक्क झाली. "अरे, मग सांगायचं ना मला! भर वर्गात तुझं नाव घेतलं असतं. एवढंच हवं होतं तुला?"

हो म्हणून सुटता आलं असतं. त्याने खिडकीचा गज घट्ट धरला.

"नाही," तो म्हणाला. "तू परीक्षेत नापास व्हायला हवी होतीस. एकदा तरी."

ती पलंगाच्या कडेवर बसली. रडली नाही. "उद्या सरांना तूच सांगायचं," म्हणाली. "मी नाही सांगणार आणि मी झाकणारही नाही." मग बॅग भरून ती फणसवाडीला आईकडे गेली.

वैभवने सरांना सगळं सांगितलं. त्यांनी त्याच्याकडचं तपासणीचं काम काढून घेतलं आणि खराब पट्टा खरवडायच्या कामावर देखरेखीला उभं केलं. तोंडावर फडकं बांधून तो दिवसभर धुळीत उभा राहायचा. अजित त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा.

मेघना आठवड्याने परत आली. सासूला म्हणाली, आईला बरं नव्हतं. जाईबाईंनी खोदून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर्गाला निघाली. दारात चप्पल घालताना तिने वैभवला विचारलं, "येतोस?"

"नको," तो म्हणाला. "अजून नको. मला अजून जळायला होतं."

"बरं," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.