टॉकीजचा डावा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. नागभीडच्या बाजारातल्या जुन्या टॉकीजचा, पडद्याच्या डाव्या हाताचा. रविवारी उद्घाटनाला येणार असाल, तर आधी माझं ऐकून घ्या.

मी आलापल्लीचा सागवान, दोन माणसांनी ढकलावं इतका भारी. बापूजींनी टॉकीज बांधली तेव्हा मला बाहेरच्या गल्लीत उघडणारा बसवला. माझ्याजवळ स्टूल टाकून राखणदार सुकलू बसायचा. खेळ चालू असताना त्यानं मला कधी कडी घातली नाही. मग फुकटे आत शिरायचे आणि बापूजी उखडायचे, "सुकलू, तुह्या दरवाज्यानं मले भिकेले लावलं!" सुकलू मान डोलवायचा आणि कडी काढलेलीच ठेवायचा. हट्टी माणूस. माझा फार जीव होता त्याच्यावर.

एका दुपारी बायकांच्या खेळाला मशीनच्या खोलीत रीळ पेटलं. पुढचा दरवाजा नेमका त्या खोलीखाली. धुरात किंकाळ्या उठल्या. सुकलूनं खांद्यानं मला ढकललं आणि ओरडला, "इकडं या बाई, इकडं!" दीडशे बायका-पोरं माझ्यातून सुखरूप बाहेर पडली. तेव्हापासून गावाला पाठच झालं, टॉकीजमध्ये काही झालं की डावीकडे पळायचं.

पुढे टॉकीज बंद पडली. सुकलू गेला. मी पंधरा वर्षं वटवाघळं सांभाळली. गल्लीत कुणीतरी मोबाईलचं दुकान काढलं आणि त्याची पक्की भिंत माझ्या पाठीला येऊन टेकली.

यंदा बापूजींचा नातू प्रवीण नागपूरहून आला. टॉकीज पुन्हा उभी करायची, जुनं रूप जपायचं, म्हणाला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? मला घासलं, पॉलिश केलं. मग चार लांब स्क्रू मारून चौकटीला जखडून टाकलं.

सुकलूची मुलगी बुधरी इथं झाडायला येते. तिनं मला ढकलून पाहिलं.

"भाऊ, हा उघडत काऊन नाई?"

"मागं भिंत हाये न, बाई. हा शोभेचा."

"आन् काई झालं त?"

"आता रीळच नाई राह्यत, पेटन काय?" प्रवीण हसला. "तुमची खुर्ची पयल्या रांगेत, ह्याच्या बाजूले ठेवली. मान हाये तुमचा."

परवापासून वरच्या लाकडी छतात जळका वास येतोय. तिथं नव्या तारांची गुंडाळी कोंबली आहे. रंगाचा वास असेल, असं सगळे म्हणतात.

काल तपासणीला साहेब आले. बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, असा नियम आहे. म्हणून ते येण्याआधी प्रवीणनं माझ्या डोक्यावर हिरवी दिव्याची पाटी लावली, 'बाहेर जाण्याचा मार्ग'. साहेबांनी पाटी पाहिली, सही केली, चहा घेतला. मला कुणी हातसुद्धा लावला नाही.

हा दरवाजा उघडत नाही, असं बुधरी आज बाजारभर सांगत फिरली. लोक तिलाच समजावतात, "पाटी त लागली हाये न, बाई!"

मला भीती वाटते. बाबांनो, रविवारी काही झालं तर माझ्याकडे पळत येऊ नका. मी उघडणार नाही.