सलोनीच्या वाट्याचा बर्फ

मी विमलताईंच्या स्वयंपाकघरातला फ्रीज बोलतोय. दचकू नका. दिवसभर घूं घूं करतो ते काय उगीच? कोणी कान देत नाही, एवढंच. माझा जन्म पुण्याकडच्या कारखान्यातला, पण राळेगाव तालुक्यातल्या या गावात इतकी वर्षं काढल्यावर माझ्याही जिभेला 'काहून' आणि 'कायले' चिकटले आहेत. सांभाळून घ्या.

मी इथे आलो लग्नातून. सूनबाई प्रेरणाच्या माहेरच्यांनी बाभुळगावला मांडवात रुखवत मांडलं होतं. करंज्या, अनारसे, शेवयांची टोपली, आणि सगळ्यांच्या शेवटी मी, गळ्यात झेंडूचा हार घालून. यवतमाळच्या दुकानातून मला अन्सारने टेम्पोत घालून आणलं होतं आणि वरातीमागून इकडेही त्यानेच पोचवलं. अन्सार म्हणजे नवरदेव अमरचा शाळेपासूनचा दोस्त. विमलताईंनी, म्हणजे अमरच्या आईने, माझ्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मलाही ओवाळलं. त्यांचे यजमान सदाशिवराव मात्र अजून माठाचंच पाणी पितात आणि माझ्याकडे पाहून नाक मुरडतात. मुरडू देत.

त्या लग्नात सगळं पाहून झालं होतं. पत्रिका जुळली, गुण जुळले, नाडी पाहिली, आहेराच्या साड्यांचे काठसुद्धा उलटेपालटे करून पाहिले. रक्त तेवढं कोणी पाहिलं नाही. आणि कायले पाहतील हो? पोरगा-पोरगी दोघंही धडधाकट होती.

मग सलोनी झाली. वर्षाची व्हायच्या आतच तिचे तळहात आणि पावलं टरारून सुजली. पोर रडायची थांबेना. यवतमाळच्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं की तिला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांत अडकून बसतात, मग कळा येतात. अमर आणि प्रेरणा, दोघांच्याही रक्तात हा दोष अर्धा अर्धा दडून बसला होता. अर्ध्याचा त्रास नसतो, म्हणून कोणाला पत्ताच नव्हता. दोन्हीकडचे अर्धे मिळून सलोनीच्या वाट्याला पूर्ण आले. पुढच्या लेकरालाही तसंच होऊ शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं.

आणखी एक बजावलं. पोरीला थंडीपासून जपा. गार पाणी नाही, कुल्फी नाही, बर्फ तर मुळीच नाही.

झालं! गारवा हाच माझा धंदा, आणि घरातल्या सगळ्यात लाडक्या माणसाला तोच वर्ज्य. उन्हाळ्यात गल्लीतली पोरं यायची, विमलताई ट्रे आपटून बर्फ काढायच्या, आणि सलोनी दारात उभी राहून त्यांचे ओठ लाल-निळे होताना पाहत राहायची. मला इतकं वाईट वाटायचं म्हणून सांगू! पण एक गोष्ट तिला कळली होती, जी मोठ्यांना कधी कळली नाही. पोटात मी गार असलो तरी माझी कूस गरम असते. गुडघे ठणकायला लागले की ती पाटावर बसून मला टेकायची आणि बारीक आवाजात माझ्याशी बोलायची. तेवढंच मी तिला देऊ शकत होतो.

ती सात वर्षांची झाली तेव्हा एका संध्याकाळी जेवताना अमरने आईला माझ्यासमोरच सगळं समजावून सांगितलं.

"आई, नागपूरच्या डॉक्टरीणबाई गर्भ बाहेर तयार करतेत. पाचेक दिवसाचा झाला का त्यातल्या दोन-चार पेशी काढून तपासतेत. सलूचा आजार ज्याच्यात नसन, तोच प्रेरणाच्या पोटात ठेवतेत."

"अन पोरगा का पोरगी, तेही सांगतेत का?"

"नाही. ते सांगणं गुन्हा हाय."

"मले काय करायचं हाय बाप्पा! शेजारीण इचारीन म्हून इचारलं. पोर धड पाहिजे, बस. पन राहीनच ना?"

"तसा नेम नाही, आई. चांगला गर्भ ठेवला तरी टिकनच असं नाही म्हणे बाई."

सगळे कढीत बुडालेले, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. सलोनी माझ्या कुशीला टेकून बसली होती. जेवणं आटोपल्यावर तिने मला हळूच विचारलं, "माझ्यासारखं नको म्हून तपासून राह्यले का रे हे?" मी आपला घूं घूं करत राहिलो.

मग प्रेरणाच्या पोटात बीजं वाढावीत म्हणून इंजेक्शनं आली. रोज संध्याकाळी प्रेरणा स्वतःच्या पोटात एक टोचून घ्यायची. तिने सगळ्यांना ताकीद दिली होती, इंजेक्शनं मधल्या फळीवरच राहतील, कोणी हात लावायचा नाही. माझी छाती फुगली. आजवर कणीक आणि उरलेलं वरण सांभाळत होतो, आता या घराची आशाच माझ्या हवाली केली होती.

अशात एके दुपारी वादळ आलं आणि लाइट गेली. संध्याकाळचं इंजेक्शन प्रेरणाने वेळेवर घेतलं. रात्रभर लाइट आली नाही ती नाहीच. पहाटे कधीतरी आली, आणि मी धडधडत कामाला लागलो. सकाळी प्रेरणाने दार उघडलं तर मधली फळी रिकामी. इंजेक्शनं वर बर्फाच्या कप्प्यात होती, दगडासारखी गोठलेली. गोठलेलं इंजेक्शन फुकट जातं. उरलेली सगळी गेली होती, आणि संध्याकाळचं चुकलं तर आजवरचंही वाया जाणार होतं.

"कोनं ठेवले हे?" अमर ओरडला. आणि बोलता बोलता त्याची नजर सलोनीवर गेली. "सलू, तू?"

पोर म्हणाली, "मी नाही. मले तं बर्फाच्या कप्प्याले हातच लावू देत नाही तुम्ही." ती माझ्या कुशीला सरकली. "पन तुमाले मीच वाटली. मी खराब हाय ना. माझ्यासारखं दुसरं नको म्हून तं नागपूरले चालले तुम्ही."

माझं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं.

"तिले काही बोलू नको, अमर," विमलताई खाली बसत म्हणाल्या. "म्या ठेवले. लाइट नव्हती, मले वाटलं खराब होतीन. बर्फाजोळ ठेवले तं जास्त टिकतीन. दूध ठेवतो तसे ठेवले, बाबू. माझ्याच हातानं नातवाचं वाटोळं केलं व माय!" आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

प्रेरणाने सासूबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "आई, जपायलेच ठेवले ना तुम्ही? मंग झालं तं." मग ती सलोनीजवळ येऊन मला टेकून बसली. एका बाजूला माय, एका बाजूला लेक, आणि मागे मी.

"सलू, कळ आली का मी तुह्या पायाले तेल लावते. तवा मले काय वाटते, सांगू? हे दुखणं उपटून फेकून द्यावं. तुले फेकून द्यावं असं कधी वाटलं का मले?"

सलोनीने मान हलवली, नाही म्हणून.

"अन ते येणार हाय, त्याले दुखू नये, एवढंच पाहून राह्यलो आम्ही. तुह्यासारखं हसणारं असलं तं मले पाहिजेच हाय."

अमरने लेकीला उचलून खांद्यावर घेतलं, आणि बापाचेही डोळे वाहत होते हे मी पाहिलं. मग त्याने अन्सारला फोन लावला.

अन्सार टेम्पो घेऊन थेट नागपूरला गेला आणि दिवेलागणीच्या आत नवी इंजेक्शनं घेऊन परतला. "भाभी, लो अमानत," म्हणत त्याने डबा प्रेरणाच्या हातात दिला आणि माझ्या दारावर थाप मारली. "अन तू रे? तुले म्या आणलं, तुह्यावर भरवसा ठेवला, अन तू इंजेक्शनाची कुल्फी करतं का?" त्या दिवशी पहिल्यांदा घरात हसू आलं. त्याच्या थापेने माझ्या दाराला पोचा पडला. पडू दे.

पुढचं सगळं नागपूरला झालं, म्हणून ऐकीव सांगतो. गर्भ पाच झाले. तपासणीत दोनच असे निघाले, ज्यांना हा आजार होणार नव्हता. पहिला ठेवला, तो टिकला नाही. प्रेरणा घरी आली, कणीक मळली, पोळ्या केल्या आणि पाणी प्यायला माझं दार उघडलं. दाराआड तोंड लपवून ती रडली. तेवढं मी पाहिलं. मी दिवा लावला होता, पण तो विझवता आला असता तर विझवला असता.

दुसरा गर्भ नागपूरलाच गोठवून ठेवला होता. हे ऐकून विमलताई चक्रावल्या. "इंजेक्शन बर्फात ठेवलं तं खराब, अन गर्भ बर्फात ठेवला तं चांगला! काय एकेक नवल बाप्पा!"

सलोनी मात्र गंभीर झाली. "आई, ते बर्फात बसलं हाय? त्याले कळा नाही येत?"

"नाही, बाई. त्याले थंडीनं काही होत नाही."

सलोनीचा चेहरा एकदम उजळला. "मंग बरं हाय. ते घरी आलं, मोठं झालं का मी त्याले बर्फ देईन. अन इचारीन, कसा लागते रे?"

तो दुसरा गर्भ टिकला. प्रेरणाला आता आठवा महिना लागला आहे. उठता-बसता ती माझ्याच दाराचा आधार घेते.

जाता जाता एक विनवणी करतो. रुखवत मांडायच्या आधी, पत्रिकेबरोबर दोघांचं रक्तही एकदा तपासून घ्या. सुईचं एक टोचणं, बस. हे तुम्हाला एक फ्रीज सांगतोय याची लाज वाटून घेऊ नका.

आणि दुसरी विनवणी अमरला. माझं रबर सैल झालंय, दार दोरीने बांधावं लागतं, आवाजही वाढलाय. परवा तो अन्सारला म्हणत होता, आता हा काढून नवा घेऊ. घ्या बापा, जरूर घ्या. पण दोन-तीन वर्षं थांबा. सलोनीने काल विमलताईंकडून ट्रे भरून घेतला आणि स्वतः लांब उभी राहून तो वरच्या कप्प्यात ठेवायला लावला. म्हणाली, हा कोनी काढायचा नाही, हा माझ्या वाट्याचा हाय, बाळ खाणार हाय.

तो बर्फ मला सांभाळायचा आहे.