डावा पाय, एक नग

"काका, पटकन खाली या. मला अजून चाळीस घरं करायचीत."

"अहो, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. वर आणून देता का?"

"वर चढायचं नाही असा नियम आहे आम्हाला. घरातलं कुणी पाठवा ना."

घरात कुणी नव्हतं. थोरली बहीण डोळे दाखवायला दवाखान्यात गेली होती. रेघवाल्यांनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि कुबड्या बगलेत घेतल्या.

"उतरतोय. पण वेळ लागेल. मला एक पाय नाही."

"बरं. पार्सल काय आहे?"

"पायच आहे."

पलीकडचा डिलिव्हरीवाला खो खो हसला. "सकाळी सकाळी बरे भेटलात, काका!" म्हणाला आणि फोन बंद झाला.

रेघवाले दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचले तेव्हा खिशात फोन टिंग वाजला. ‘ग्राहक उपलब्ध नाही.’ जिन्याच्या खिडकीतून पाहिलं तर मोटारसायकल फाटकातून बाहेर पडत होती.

"अहो, मी आहे! मी उपलब्ध आहे!" ते खिडकीतून ओरडले. खाली झोपलेल्या कुत्र्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली टाकली.

ही तिसरी खेप होती.

रेघवाले हे काही त्यांचं नाव नव्हतं. मानेवरची रेघ पट्टी लावल्यासारखी सरळ काढायचे म्हणून सलूनमध्ये सगळे त्यांना तसं म्हणत. एकतीस वर्षं एकाच सलूनमध्ये, खिडकीजवळच्या एकाच खुर्चीमागे ते उभे राहिले होते. मग साखरेने डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सहा महिने मालकाने वाट पाहिली. हा मालक म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा. लहानपणी त्याचं जावळसुद्धा रेघवाल्यांनीच काढलेलं. गेल्या आठवड्यात तो घरी येऊन, चहा पिऊन, कपाकडे बघत म्हणाला होता, "काका, एक तारखेपर्यंत थांबतो. उभे राहून काम करणार असाल तर खुर्ची तुमची. नाहीतर नवा माणूस कायम करावा लागेल. तो सोडून जाईन म्हणतोय."

आज एकोणतीस तारीख होती.

कुरिअरचं गोदाम शहराबाहेर होतं. पार्सल तिथे परत गेलं असणार म्हणून दुपारनंतर दोन बस बदलून रेघवाले तिथे पोचले. काउंटरवरच्या मुलीने पावती पाहिली आणि आतून एक खोका मागवला. खोक्याला चहूबाजूंनी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"हे असं कसं?"

"फाटला होता. त्या गाडीत दोन खोके फाटले होते, दोन्ही परत बांधलेत. सही करा."

"आधी उघडून बघतो."

आत पाय होता. जेमतेम वीतभर उंचीचा. खाली पांढरा मोजा, त्यावर शाळेचा काळा बूट, आणि बुटाची लेस कुणीतरी नीट फुलपाखरासारखी बांधलेली.

रेघवाले बघत राहिले. "हा माझा नाही."

मुलीने पावती पुन्हा वाचली. "डावा पाय, एक नग. हा डावाच आहे ना?"

"डावा आहे हो. पण लहान मुलाचा आहे!"

"माप इथे लिहिलेलं नाही, काका."

मागे खोके रचणारा हमाल ओरडला, "काका, कुंडीत लावा. पाणी घाला रोज. वाढेल!"

रांगेतले सगळे हसले. रेघवालेही हसले. गिऱ्हाइकाने काही म्हटलं की हसायचं, ही एकतीस वर्षांची सवय.

मुलीने एक फॉर्म पुढे सरकवला. "तक्रार नोंदवून जा. आमचा माणूस तुमची वस्तू जिथे असेल तिथून उचलेल." रेघवाल्यांनी ‘चुकीची वस्तू मिळाली’ या ओळीपुढे खूण केली आणि खाली सही ठोकली. पण तो छोटा पाय मात्र त्यांनी तिथे ठेवला नाही. मुलगी "काका, ते ठेवून जायचंय" म्हणत राहिली. त्यांनी तो पिशवीत घालून गळ्यात अडकवला आणि वाट धरली.

पाय बनवणाऱ्या कारखान्याला फोन लावल्यावर उलगडा झाला. त्या दिवशी तिथून दोनच पाय निघाले होते. दुसरा एका आठ वर्षांच्या मुलीचा. त्यांनी तिच्या आईचा नंबर दिला.

"तुमचा पाय आलाय आमच्याकडे," आई म्हणाली. "खोका उघडला आणि पोरगी कॉटखाली जाऊन बसली. म्हणते, एवढी मोठी व्हायला मला किती वर्षं लागतील? सोमवारी तिची शाळा उघडतेय. मला तर काही सुचेना. मी लाँड्रीत इस्त्रीला आहे, एक दिवसाची सुट्टी मागितली तर कायमची देतील."

"तुम्ही कुठे जाऊ नका. मीच येतो उद्या. फक्त तो कुणाला देऊ नका."

"छे हो. कुणाला देणार?"

बहिणीने डोळ्यांत थेंब घालता घालता सगळं ऐकलं. "सात तास बसने? एका पायावर? डोकंपण दवाखान्यात काढून ठेवलंस का?"

"ताई, जाताना एका पायावर. येताना दोन."

सात तासांचे नऊ झाले. मुलीचं घर म्हणजे लाँड्रीच्या मागची एकच खोली. दार आजीने उघडलं. कुबड्या पाहिल्या आणि ती बाजूला झाली. आई नुकतीच कामावरून आली होती. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग उभीच राहिली.

"काय झालं?" रेघवाल्यांनी विचारलं.

"मी नव्हते हो घरी," आई म्हणाली. "मला आत्ता कळलं."

आजी पुढे झाली. "दुपारी माणूस आला होता. गणवेशातला. कागद दाखवला. म्हणाला, गिऱ्हाइकानेच तक्रार केलीय, चुकीची वस्तू न्यायला आलोय. कागदावर तुमचं नाव होतं. सही होती. मी दिला. उन्हातून आला म्हणून वर सरबत करून पाजलं त्याला."

इतके महिने त्यांची कुठली म्हणून तक्रार कुणी मनावर घेतली नव्हती. ही एक मात्र एका दिवसात मार्गी लागली होती.

"कधी पोचेल म्हणाला?"

"सात ते पंचवीस दिवस."

रेघवाल्यांनी ग्लास खाली ठेवला. पिशवी त्यांच्या मांडीवर होती. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली पोरगी पिशवीकडेच बघत होती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग हासुद्धा मी गोदामातच जमा करतो. तुम्ही तक्रार करा. सात ते पंचवीस दिवसांत येईल."

ते उठले. कुणीतरी ओरडावं, हात धरावा, पाया पडावं, असं त्यांना वाटत होतं. म्हणजे आणखी चार शब्द तोडून बोलता आले असते. पण आजीने खाली ठेवलेला ग्लास उचलून त्यांना वाट मोकळी करून दिली. ते दारापर्यंत गेले.

"काका," पोरगी म्हणाली, "जिना उतरताना आधी कुबड्या टाकायच्या की पाय? मी दोन्ही एकदम टाकते, मग घसरते."

"आधी कुबड्या," ते पाठमोरेच, वैतागून म्हणाले. "उतरताना आधी कुबड्या, मग पाय. चढताना आधी पाय. एवढंसुद्धा शिकवलं नाही तुला कुणी?"

"नाही."

ते उंबऱ्यात थांबले. मग भिंतीला टेकून त्यांनी गळ्यातली पिशवी काढली आणि न बघता मागे धरली.

आईने पट्टे आवळले. पोरगी भिंतीला धरून उभी राहिली, मग तिने भिंत सोडली. चार पावलं गेली, आदळली, उठली, पुन्हा सहा पावलं गेली. आजी तोंडावर हात दाबून रडत होती. आई सारखी म्हणत होती, "काका, तुमचे उपकार कसे फेडू?" रेघवाल्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. त्यांना त्या पोरीचा हेवा वाटला. आठ वर्षांच्या पोरीचा. पुढची बस दोन तासांनी होती, तरी ते लगेच निघाले.

एक तारखेला सकाळी ते सलूनमध्ये गेले.

"काका, पाय?" मालकाने विचारलं.

"निघालाय. पंचवीस दिवसांच्या आत येईल."

"गेल्या महिन्यातही तुम्ही निघालाय म्हणाला होता."

"या वेळी खरंच निघालाय रे."

मालकाने कॅलेंडरकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. बाकावर चार गिऱ्हाइकं होती. खिडकीजवळच्या खुर्चीमागे नवा माणूस कात्री चालवत होता. त्याचा हात चांगला होता, हे रेघवाल्यांना दारातूनच कळलं होतं.

"तुमची हत्यारं मी नीट बांधून ठेवलीत," मालक म्हणाला. "जाताना घेऊन जा. आणि आलाच आहात तर दाढी करून जा. माझ्याकडून."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती आणि नव्या माणसाने अदबीने हात दिला होता. कुबड्या काढून घेतल्या. रेघवाले बसले. एकतीस वर्षांत या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. समोरच्या आरशात आपलं तोंड नेहमी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर दिसायचं, ते आज खाली आलं होतं. गळ्याभोवती कापड आलं. फेस आला. वस्तरा हलका, तयारीचा होता.

"कल्ले कुठपर्यंत ठेवू, काका?"

"तुला वाटेल तसे."

डावा कल्ला केसभर खाली राहिला. दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

"ठीक आहे ना?"

"छान झालंय."

नव्या माणसाने कापड झटकलं, खुर्ची खाली घेतली आणि "चला, पुढचे," म्हणाला. पुढचं गिऱ्हाईक उठून उभंही राहिलं. रेघवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून त्यांच्या कुबड्या पार दाराजवळ, केरसुणीशेजारी उभ्या केल्या होत्या. मालक फोनवर होता. कुणाला सांगावं हे त्यांना कळेना. त्यांनी आरशाखालची फळी धरली आणि एका पायावर उड्या घेत ते दाराकडे निघाले.

बाकावर बसलेल्या सगळ्यांनी त्यांना वाट देण्यासाठी आपापले पाय आत घेतले.