नदीकाठच्या विजयाचं नाणं

ग्वाल्तिएरोने नाण्यासाठी कोरलेल्या चौथ्या पोलादी ठशावर मऊ मेण दाबलं, हलकेच सोडवलं आणि चिटणीस फाब्रित्सियोंपुढे धरलं. मेणावर उमटलेला ड्यूकांचा चेहरा खिडकीशी नेऊन त्यांनी दोनदा फिरवून पाहिला.

“नाक अजून मोठंच आहे.”

“साहेब, ते आहेच मोठं. मी पाहिलंय त्यांना.”

“म्हणूनच तर चुकतंय, मायेस्त्रो. नदीकाठची लढाई जिंकलेला माणूस हवाय मला. तरणाबांड, सरळ नाकाचा. ज्यांनी ड्यूकांना पाहिलं नाही, त्यांच्यासाठी नाणं असतं.”

पोलादात जितकं खोल कोरावं, तितकं नाण्यावर उठून येतं. त्यामुळे नाक वाढवता येतं, कमी करता येत नाही. ग्वाल्तिएरोने चौथा ठसा भंगाराच्या बादलीत भिरकावला.

त्या लढाईतून ड्यूक भरदुपारीच, लढाई संपायच्या आत, माघारी आले होते, हे टांकसाळीत कोणी बोलत नसे. ग्वाल्तिएरोचा मुलगा सान्ती तिथून आलाच नाही. त्याचं कलेवरसुद्धा नाही. ‘जन्मभर ड्यूकांची थोबाडं कोरलीत, पोराचं एक चित्र काढलं नाहीत,’ असं बायको, ओर्सोला, एकदाच म्हणाली होती.

पाचवा ठसा त्याने रागाच्या भरात कोरला, समोरचं ड्यूकांचं रेखाचित्र पालथं घालून.

“हे आमचे ड्यूक,” मेण पाहून चिटणीस खूश झाले. “आता डोक्यावर विजयाचा पानांचा मुकुट चढवा. संध्याकाळी ठसा न्यायला येतो.”

ते गेले. ग्वाल्तिएरोने कोरणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

ओर्सोला जेवण घेऊन आली, तेव्हा मेण बाकावरच होतं. तिने पाव खाली ठेवला, बोटं झग्याला पुसली आणि मेणातल्या कानावरच्या उलट्या बटेला हात लावला. ती बट चिटणिसांनी सांगितली नव्हती.

“पाणी लावलं तरी बसायची नाही त्याची ही,” ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. “मुकुट चढवायचाय. नदीकाठच्या विजयाचा.”

“आणि नाही चढवला तर?”

“हाही बादलीत. मग सहावा दुसरा कोणीतरी कोरेल.”

तिने मेण बाकावरून उचललं.

“मग चढवा. बटेवरून नेऊ नका,” ती म्हणाली. “अन् अहो, हे बिनमुकुटाचं मी नेते. तळघरात ठेवीन, तिथे उन्हाळ्यातही वितळायचं नाही.”

पावावरचं ओलं फडकं काढून तिने मेण त्यात गुंडाळलं. पाव उघडाच राहिला.