हातांची खुर्ची

खुर्चीच्या उजव्या हाताचा स्क्रू सैल होता — अंगठ्याने दाबला की आत जायचा, सोडला की हळूच वर यायचा — आणि तो दाबत, सोडत, पुन्हा दाबत ती गुडघ्यातली कळ ओसरायची वाट बघत बसली होती. सकाळपासूनचं हे तिसरं हॉटेल. पहिल्याच्या खोलीला काचेची भिंत होती. दुसऱ्याच्या खोलीतून बाहेर पडायचं तर जेवणाच्या रांगेतून जावं लागत होतं. ही खोली ठीक होती. ठीक असणार हे तिला माहीत होतं, म्हणूनच ती इथे शेवटी आली होती.

शहराबाहेरच्या या पट्ट्यातली सगळी हॉटेलं, सगळे हॉल तिला पाठ होते. कुठल्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचत नाही, कुठल्या खांबामागे बसलेल्याला वक्त्याचं फक्त कोपर दिसतं, कुठला मॅनेजर ऐंशी माणसं मावतात म्हणून बेधडक ठोकून देतो — या कामात तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. बावीस वर्षं ती प्रत्येक ठिकाणी आधी शेवटच्या खुर्चीत बसून बघत आली होती. साहेबलोक पुढे बसायचे, त्यांना काय कळणार!

आणि यादीही तिचीच. आठ वर्षांपूर्वी एका दिवसात एकोणीस जणांना कामावरून काढून घरी पाठवायचं ठरलं, तेव्हा त्यासाठी खोली कशी हवी याची ती यादी तिनेच लिहून दिली होती. खोलीला दुसरं दार हवं, म्हणजे आत येणाऱ्याची आणि बाहेर जाणाऱ्याची गाठ पडत नाही. टिश्यूचा डबा हाताशी हवा, पण डोळ्यांसमोर नको. चहा ठेवू नये — हात थरथरतो, कप वाजतो. तेव्हाच्या साहेबांनी तोंडभर कौतुक केलं होतं, ‘तुमच्याइतका माणसांचा विचार कुणी करत नाही.’ ते तिने घरी नवऱ्याला दोनदा सांगितलं... दोनदा कसलं, आठवडाभर सांगत होती. मूर्खासारखी.

आज सकाळी मागणीचा कागद टेबलावर आला तो नव्या मुलीच्या अक्षरात. भराभर बोलते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. नोकरीला लागून चार महिने झाले होते, आणि तिला सगळं शिकवलं होतं हिनेच. गुरुवार, अकरा वाजता, अर्धा तास, वैयक्तिक चर्चा. खाली यादी जशीच्या तशी. बोलावलेली माणसं — एक. कोण बिचारं, असं तिच्या मनात आलंसुद्धा. आणि मग शेवटची ओळ, यादीत कधीच नसलेली: खुर्चीला हात असावेत, उठताना आधार होतो.

ऑफिसात गुडघे तिच्या एकटीचेच गेले होते.

कागद निदान तिच्याकडे तरी जाऊ नये, एवढंही कुणाला सुचलं नव्हतं. जागा बघायचं काम तिचं, म्हणून कागद तिच्याकडे. ‘ताई, जरा लवकर बघाल का? साहेब विचारत होते,’ चिमणी म्हणाली, आणि मान वर केली नाही. म्हणजे तिला माहीत होतं. खुर्चीची ओळही तिनेच घातली असणार, मायेने... माया! संताप येत होता तो याचाच. कुणी दुष्टपणा केला असता तर भांडता तरी आलं असतं. आता मी काय करू — काचेची खोली लिहून टाकू? बघू दे सगळ्यांना? पण तीच तर तिने सकाळी, डोळे कोरडे ठेवून, नापास केली होती. सवय, दुसरं काय.

आठ वर्षांपूर्वीही तिने हीच खोली निवडली होती. ती दुसऱ्या दाराबाहेर नावांचा कागद घेऊन उभी होती. गोदाम सांभाळणारा म्हातारा बाहेर आला, भिंतीला टेकला आणि म्हणाला, ‘ताई, घोटभर चहा मिळेल का?’ ‘इथे सोय नाही हो, काका,’ ती म्हणाली होती. अगदी गोड आवाजात. सोय होती, पलीकडे साहेबांसाठी थर्मास भरून ठेवला होता. कप वाजला असता तर तो म्हाताऱ्याला ऐकू आला नसता... त्याला कुठे काय ऐकू येत होतं त्या वेळी? ऐकू आला असता तो टेबलापलीकडे बसलेल्यांना. त्यांच्यासाठी होती ती यादी. पहिल्या ओळीपासून.

“काय मॅडम, पसंत?” मॅनेजर दारात उभा होता. “नेहमीसारखंच ना? पाणी, टिश्यू, चहा नाही?”

“चहा ठेवा.”

“ठेवू? तुमच्याकडून तर कधी—”

“कपबशीत ठेवा. कागदी कप नको.”

“बरं. किती कप?”

“एक. या खुर्चीपुढे.”

तो लिहून घेऊन गेला. ती दोन्ही हातांवर भार देऊन उठली. सहज उठता आलं, खुर्ची अगदी बरोबर होती. मग तिने उजवा हात समोर धरून पाहिला. बोटं स्थिर होती, एवढीशी हलत नव्हती, आणि गुरुवारीही ती अशीच राहिली तर कप वाजणार कसा, टेबलापलीकडच्यांना ऐकू जाणार काय?