हात जिथं जातो तिथं

मी एक जुना आधाराचा दांडा आहे, मित्रांनो. बाथरूमच्या भिंतीवर जरा तिरकाच बसलेला. नवखा माणूस मला पाहतो आणि त्याला वाटतं, बसवणाऱ्याचा हात चुकला असावा. पण माझ्या या तिरकेपणामागे एक हकिकत आहे.

मी घडलो कारखान्यात. स्टीलची नळी कापली, दोन्ही टोकं वाकवली आणि ओला हात घसरू नये म्हणून मधला भाग खरबरीत केला. तिथून मी दुकानात आलो. काठ्या आणि चाकांच्या खुर्च्या यांच्यामध्ये मी लटकत असे. गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायचीसुद्धा टाळत. जणू आम्हाला पाहिलं की म्हातारपण लगेच दार ठोठावणार!

एके दिवशी चिऊ आली. चिऊ हे लाडाचं नाव. बाई चांगली पंचेचाळिशीची, बँकेत अधिकारी. तिची आत्या एकटीच राहायची. आत्याने उभा जन्म टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढला होता. चिऊने तिच्यासाठी काठी, स्टूल, पायपुसणं, हाकेची घंटी आणि मी, अशी एका दमात खरेदी केली.

पिशव्या पाहून आत्या म्हणाली, "हे काय गं? माझ्या घरात दवाखाना उघडतेस का?"

"आत्या, तुझ्या भल्यासाठीच आणलंय."

"माझं भलं मला न विचारताच ठरलं वाटतं!"

चिऊ हिरमुसून गेली. स्टुलावर वर्तमानपत्रांची रद्दी चढली, काठीवर ओल्या साड्या वाळू लागल्या आणि मी पलंगाखाली धूळ खात पडलो. आपण कुणाच्याच कामाचे नाही, या विचाराने मला फार वाईट वाटे.

पुढे एका सुट्टीला चिऊ राहायला आली. हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेली आणि साबणाची वडी घेऊनच बाहेर आली. वडी कोरडी ठणठणीत होती, तिला भेगा पडल्या होत्या.

"आत्या, आंघोळ करत नाहीस का तू?"

आत्या आधी चिडली. शेवटी पलंगावर बसत म्हणाली, "ओल्या फडक्यानं अंग पुसून घेते. मागं एकदा पाय सटकला. नळ धरला, तर नळच हातात आला. तेव्हापासून आत पाऊल टाकवत नाही."

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं असतं तर तू मला तुझ्या घरी नेलं असतंस. तू प्रेमानंच नेलं असतंस, कळतं मला. पण माझ्या या घराला कुलूप लागलं असतं ना!"

चिऊ तिच्याजवळ बसली. बराच वेळ तिने आत्याचा हात सोडला नाही. मग म्हणाली, "मी दुकानातल्या माणसाला सगळं विचारलं, तेवढं तुला विचारायचं राहिलं. आता तूच सांग."

मग एक गमतीची गोष्ट घडली. अंगावर साडी, कोरडी फरशी, आणि आत्या आंघोळीचं नाटक करू लागली. उंबरा ओलांडताना, स्टुलावर बसताना, उठताना तिचा हात आपसूक भिंतीवर जिथं गेला, तिथं चिऊने पेन्सिलीने खूण केली. स्टूल फार बुटकं निघालं, ते बदलून उंच आणलं. पायपुसण्याच्या कडा वर वळत होत्या, ते परत गेलं. काठी आत्याच्या मनगटाच्या उंचीला बसेल अशी कापून घेतली. घंटी पाहून आत्या हसली. "जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले, आता घंटी कशाला? माझा फोनच हाताशी ठेव."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. खुणा पाहून त्यांनी डोकं खाजवलं. "आजी, भिंतीच्या फरशांच्या रेषेत बसवू का? खुणांवर बसवला तर हा तिरका दिसेल."

"दिसू दे की! आंघोळ मी करणार आहे, भिंत नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा आत्याने मला घट्ट धरलं. एकदा जोर लावून ओढून पाहिलं. मग ती स्टुलावर बसली. बाहेरून चिऊ पुन्हा पुन्हा विचारत होती, "आत्या, बरी आहेस ना?"

"अगं, जा की! चहा टाक जा," आतून आवाज आला आणि तांब्यातून भडाभडा पाणी पडू लागलं. तेव्हा मला वाटलं, आपण घडलो ते सार्थकी लागलं.

वर्षं गेली. शेजारपाजारचे मला पाहायला येत, हाताने ओढून बघत. पण कौतुक ओसरतंच. माझ्यावर ओले टॉवेल आले, मग कपडे, मग भरलेली बादलीसुद्धा. एक स्क्रू ढिला झाला. आत्याने धरलं की मी किंचित हले आणि भीतीने माझा जीव कासावीस होई. मी पडलो तर पडलो, पण माझ्याबरोबर ती पडेल!

आत्याच्या ते लक्षात आलं. ती पुन्हा ओल्या फडक्याकडे वळेल, असं मला वाटलं होतं. पण तिने सरळ फोन उचलला. ऑपरेटरच्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाली, "मिस्त्री, माझा आधार हलतोय. आज या. उद्या चालणार नाही." मग तिने चिऊलाही फोन करून सांगितलं. मिस्त्री संध्याकाळच्या आत आले, त्यांनी मला पक्कं केलं आणि टॉवेलांसाठी वेगळी खुंटी ठोकली.

मित्रांनो, मी आता गंजाकडे झुकलोय, पण भिंतीला घट्ट आहे. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी काही आणायचं असेल, तर आधी त्यांच्याजवळ बसा. कुठं भीती वाटते, हात कुठं जातो, ते विचारा. आणि आम्हाला भिंतीवर लावून विसरू नका. अधूनमधून जोर लावून ओढून बघा. ढिले झालो तरी आम्हाला हाक मारता येत नाही.