व्हॅनपुढची सायकल

नवऱ्याच्या मागे बायको गाडी घेऊन फिरते म्हटल्यावर लोकांच्या मनात जे यायचं तेच आलं. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशींनी तर तिला तोंडावरच विचारलं, "काय गं, कुणी आहे की काय?"

"आहे ना," लाँड्रीवाली म्हणाली. "सायकल आहे."

मावशी खो खो हसल्या. तिला मात्र हसू आलं नाही. त्या सायकलीनं तिची झोप उडवली होती.

तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, तिच्या लाँड्रीच्या थोडं पुढे. घर गावाबाहेर, कालव्याच्या रस्त्यावर. ती कपडे पोचवायच्या व्हॅननं जायची आणि तो सायकलनं, लग्न झाल्यापासून. मग मागच्या हिवाळ्यात एका गाडीनं त्याला आरशाचा धक्का मारला आणि काही झालंच नाही अशा थाटात निघून गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं. आत पट्टी आणि स्क्रू बसवले. हाड जुळलं, पण तो हात खांद्याच्या वर जाईना. कोट खुंटीला अडकवायचा तर दुसरा हात लागायचा. आणि अशा माणसानं एका सकाळी सायकल बाहेर काढून हवा भरायला घेतली.

"अहो, बस आहे ना," ती दारातून म्हणाली.

"बस आहे. पायही आहेत."

"आणि खांदा?"

"खांद्यानं सायकल चालवत नाहीत."

तिनं अबोला धरला. त्याचा उपयोग एवढाच झाला, की घर शांत राहिलं आणि त्यानं निवांत बसून चेनला तेल घातलं. "दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना अक्षरं वाचायला लावतो मी," तो चेनकडे बघतच म्हणाला. "सकाळची ही एवढीच वेळ माझी असते." पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून तो घोट्याजवळ कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा, तिच्याच लाँड्रीतला, लाल. तो लावला आणि गेला.

त्या दिवसापासून ती त्याच्यामागे निघू लागली. व्हॅन उंच, पांढरी, सगळीकडून बंद, मागे काच नाही. त्याच्यापासून चार हात अंतर ठेवून ती त्याच्याच वेगानं रांगायची. मागे गाड्यांची रांग लागायची. हॉर्न वाजायचे, कुणी काच खाली करून शिव्या द्यायचं, आणि सगळ्यात मागे दुधाचा टँकर त्याच्या त्या भोंग्यानं कान किटवायचा. तिच्यावर काडीचा परिणाम व्हायचा नाही. काय धडकायचं ते मला धडका, माझ्या माणसापर्यंत पोचू देणार नाही, असं तिचं चाललेलं. खरं सांगायचं तर अपघातानंतर पहिल्यांदाच तिला त्या दिवसांत बरं वाटत होतं. त्याची पाठ समोर दिसत होती, पायाशी लाल चिमटा वरखाली होत होता, आणि त्याच्या मागे कुणी नव्हतं, तिच्याशिवाय.

हे माहीत असल्याचं त्यानं कधी दाखवलं नव्हतं. मग एकदा जेवताना तो म्हणाला, "व्हॅनचं सरकतं दार फार खडखडतं. बघून घे एकदा." तिनं मान खाली घातली आणि घास चावत राहिली. दोघांनी जेवण संपवलं आणि नेहमीसारखी भांडी आवरली.

दार तिनं दुरुस्त केलं नाही, आणि मागे जाणंही थांबवलं नाही.

झालं ते अगदी लख्ख सकाळी झालं. पुलाच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो, तिथे टँकर तिच्या अगदी मागे आला. त्यानं एकदा भोंगा वाजवला, परत वाजवला, आणि मग सगळा संताप चाकांत भरून तो बाहेर निघाला. तिच्या खिडकीशेजारून ते स्टीलचं धूड सरकत गेलं. समोरून बस येत होती. बस दिसताच टँकरवाल्यानं गाडी आत घेतली, आणि तिच्या डोळ्यांसमोरून नवऱ्याची पाठ नाहीशी झाली.

ब्रेक किंचाळले. ती व्हॅन तशीच चालू सोडून धावली.

तो रस्त्याच्या कडेला खाली गवतात बसला होता, दुखरा खांदा धरून. सायकल त्याच्या पायांवर आडवी पडली होती. टँकरवाला तिच्याआधी तिथे पोचला होता आणि सायकल उचलून बाजूला करत होता.

"डोळे फुटले होते का तुझे?" ती ओरडली. "एवढा माणूस दिसला नाही?"

"नाही दिसले, ताई," तो म्हणाला. "आईशप्पथ नाही दिसले."

"दिसले नाहीत म्हणजे?"

"पुढचं दिसत नसताना घुसलो, चुकलंच माझं. पण तुमची गाडी रोज अशी रांगते. रोज वाटतं, बाई नवीन शिकतेय, नाहीतर इंजिन बिघडलंय. पुढे सायकल आहे हे कळणार कसं? तुमच्या गाडीतून आरपार दिसतं का?"

नवऱ्याला वर आणून बसवल्यावर, पाणी पाजल्यावर, ती आपल्या व्हॅनच्या मागे गेली आणि टँकर जिथून निघाला होता तिथे उभी राहिली. समोर पांढरा पत्रा होता. त्यापलीकडे रस्ता नव्हता, गवत नव्हतं, नवरा नव्हता.

खांद्याला फक्त मुका मार होता. डॉक्टरांनी आतली पट्टी जागेवर असल्याचं सांगितलं. संध्याकाळी तो पलंगावर टेकून बसला होता आणि ती त्याच्या खांद्याखाली उशा सारत होती, काढत होती, परत सारत होती.

"मीच मारलं असतं तुम्हाला," ती म्हणाली.

"असं नको बोलूस."

"मग कसं बोलू? मीच झाकून ठेवलं होतं तुम्हाला."

"मला बरं वाटायचं गं," तो म्हणाला. "दाराची खडखड ऐकू आली की वाटायचं, आता बघायला नको. आधी मी सारखा मागे वळून बघायचो. तू यायला लागलीस आणि मी बघायचंच सोडलं. टँकरचा भोंगा ऐकला मी. वाटलं, तू आहेस ना मागे."

तिनं तोंडाला पदर लावला. तो तिच्या हातातली उशी काढून घेत म्हणाला, "तू म्हणत असशील तर उद्यापासून बसनं जातो. खरंच जातो. पण तू सांग."

आता आली का पंचाईत? इतके दिवस जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते त्यानं आपण होऊन तिच्या हातात ठेवलं होतं. जा म्हणायचा अवकाश होता. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेली भांडी परत धुवायला लागली.

खांदा बरा होईपर्यंत तिनं उत्तर दिलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. सायकलचं वाकलेलं चाक त्यानं सरळ करून आणलं, पण सायकल भिंतीला टेकवून ठेवली. मग एका सकाळी तो बसनं जायचं म्हणून बूट घालत होता, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. तिच्या तळहातावर लाल चिमटा होता.

तो गेल्यावर तिनं मुद्दाम उशिरा व्हॅन काढली. तरी कालव्याच्या सरळ रस्त्यावर तो तिला दिसलाच. ती बरीच मागे राहिली, मागच्यांनाही तो दिसावा इतकी. तो अधूनमधून मागे वळून बघत होता. तिनं सरकतं दार दुरुस्त करून घेतलं होतं, त्यामुळे मागची गाडी कुणाची हे त्याला ऐकून कळणार नव्हतं. समोरून एक गाडी येत होती, ती जाऊ दिली. मग इंडिकेटर दिला आणि अख्खी व्हॅन मधल्या रेषेपलीकडे नेली.

त्याच्या बरोबरीला आल्यावर तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस तिनं फक्त त्याची पाठ पाहिली होती. पाठ कशी ताठ असायची. आता चेहरा दिसला. ओठ घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला, गालावरचा रंग उडालेला. तो घाबरला होता. आणि तिला गाडी पुढे काढायची होती. तिनं काढली. आरशात सायकल पूर्ण दिसली तेव्हाच ती आपल्या बाजूला परत आली. सायकलच्या मागे, लांबवर, उन्हात चमकत टँकर येत होता. मग वळण आलं आणि आरशात नुसती झाडं राहिली.

लाँड्रीत पोचून तिनं चादरींचं गाठोडं उतरवलं आणि तसंच हातात धरून फुटपाथवर उभी राहिली. मावशी आतून हाका मारत होत्या. टँकर आला. तिनं टँकरवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, आधी बंपर पाहिला. नुसती धूळ होती. टँकरवाल्यानं तिला ओळखलं आणि हात वर केला.

मग बऱ्याच वेळानं सायकल आली. तो तिच्याजवळ थांबला, एक पाय फुटपाथवर टेकून.

"टँकरवाला पुलापर्यंत माझ्या मागे राहिला," तो म्हणाला. "एकदाही भोंगा नाही वाजवला."

"घाबरला होतात तुम्ही."

"हो."

"आज?"

"रोज," तो म्हणाला, आणि पेडल मारून निघाला. दुकानाआधीचा चौक गाड्यांनी भरलेला होता. त्यानं मागे पाहिलं, वळायचं म्हणून दुखरा हात जेमतेम खांद्याइतका बाहेर काढला आणि गर्दीत शिरला.

ती आत आली. व्हॅनची किल्ली अजून तिच्या मुठीत होती, आणि मूठ घट्ट आवळलेली होती. तिनं ती किल्ली मावशींच्या हातावर ठेवली.

"मावशी, ही ठेवा तुमच्याकडे. हे घरी निघतील तेव्हा मी मागेन. कितीही मागितली तरी देऊ नका."